बाळ्याची पिशवी

मृग यंदा वेळेवर लागला. दोन रात्री पाऊस नुसता कोसळत होता. तिसऱ्या रात्री जरा उघडीप मिळाली म्हणून आम्ही पुलाजवळच्या कट्ट्यावर जमलो, तर नऊच्या सुमारास बाळ्या थेट पऱ्ह्यावरूनच, म्हणजे ओढ्यावरूनच, आला. गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात टॉर्च, काखेत कोयती आणि दुसऱ्या हातात ओली, आतून वळवळणारी पिशवी.

"चढणीचे!" एवढंच म्हणाला. म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे मासे. चिपळूणकडच्या माणसाला त्यापुढे काही सांगावं लागत नाही.

कट्ट्यावर मास्तर होते, वकील होता, नाना होते आणि मिनेसोटा होता. मिनेसोटा म्हणजे आमचा वर्गमित्रच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसजवळ राहायला जाऊन त्याला चौदा वर्षं झाली. मुलांना सुट्टी लागली की जूनमध्ये येतो, आणि तेव्हापासून परत जाईपर्यंत त्याचं खरं नाव इथे कोणी घेत नाही.

त्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "आमच्याकडे हे केलं असतंस ना, तर दंड भरून दमला असतास."

"आमच्याकडे म्हणजे? तुझं घर खालच्या आळीत आहे," बाळ्या म्हणाला.

"अरे, अंडी घालायला वर चढतायत ते. नेमके तेव्हाच मारायचे? तिथे वॉलआय नावाचा मासा आहे. फेब्रुवारीच्या शेवटी त्याचा हंगाम बंद होतो, तो मे महिन्यातल्या एका शनिवारी उघडतो. मधल्या काळात बर्फ वितळतो, मासा अंडी घालतो. त्याला हात लावायचा नाही."

"आणि मग तो शनिवार आला की?" मी विचारलं. मला वाटलं होतं दोन वाक्यांत आटपेल. पण याची कळी खुलली.

त्या शनिवारी म्हणे अख्खं राज्य पाण्यावर असतं. खुद्द गव्हर्नर गळ टाकायला जातो, आणि ही प्रथा 1948 पासूनची आहे. पुष्कळदा त्याच रविवारी तिकडचा मातृदिन येतो, त्यामुळे घरोघरी कुरबुर. त्यावर सरकारने तोडगा काढला तो असा, की त्या दोन दिवसांत राज्यातल्या आयांना लायसन्सशिवाय मासे धरता येतात. बायकोला गप्प करायची ही युक्ती मला फारशी पटली नाही, पण असो.

"आणि थंडीत काय करता? घरात बसता?" नानांनी विचारलं. नानांची होडी दाभोळला असते. 1 जूनला बंदी लागली की 31 जुलैपर्यंत ती शाकारलेली, आणि नाना कट्ट्यावर.

"थंडीत तर खरी मजा, नाना. तळं गोठतं. चार इंच चांगला बर्फ धरला की माणूस चालायला लागतो, फूटभराच्या वर गेला की लोक गाड्या घालतात. बर्फावर खोपटी उभी राहतात. आत शेगडी, बंक, काहींच्यात टीव्हीसुद्धा. मोठ्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं आणि त्यात गळ सोडून बसायचं. बाहेर उणे पंचवीस."

"आणि मासा लागतो?"

"तासन् तास काही नाही लागत. थंड पाण्यात मासा आळशी होतो, गळाला नुसता हुंगतो. पण बसायचं. रात्री बर्फ ताणला जातो ना, तेव्हा खालून आवाज येतो. एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे कोणीतरी नगारा ओढत नेतंय असा. पहिल्या वर्षी मी खोपट्यातून पळालो होतो. बरोबरचे म्हातारे हसले. म्हणाले, आवाज करतो तो बर्फ चांगला."

हे सांगताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पिठल्यावर तूप पडल्यासारखा. चौदा वर्षांत याने तिथे काय कमावलं हे त्या वेळी मला जरासं कळलं. पगार वगैरे नव्हे, ते वेगळं.

"चवीला कसा?" बाळ्या.

"काटा कमी. वास जवळजवळ नाहीच."

"वास नाही तर तो मासा कसला!" नाना आणि बाळ्या एकदम.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीचं होतं. पण मिनेसोटा बोलता बोलता नोव्हेंबरवर गेला. हरणांच्या बंदुकीच्या हंगामाची पहिली सकाळ, अंधारात जाऊन झाडावरच्या मचाणीत बसायचं, अंगात भडक नारिंगी जाकीट, कारण दुसऱ्या शिकाऱ्याला आपण दिसलो पाहिजे. 2017 पासून भडक गुलाबीही चालतं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत गोळी झाडायची नाही. हरीण पडलं की त्यावर टॅग लावायचा आणि सरकारदरबारी नोंद करायची.

"तू मारलंस?" मास्तरांनी चष्मा काढला. मास्तरांनी चष्मा काढला की तास सुरू झाला म्हणून समजावं.

"एकदा. दोन वर्षांपूर्वी."

"भूक लागली होती?"

"मास्तर, सगळं मांस फ्रीजरमध्ये भरलं. हिवाळाभर खाल्लं."

"मी ते नाही विचारलं. दुकानात मांस मिळत होतं ना? मग तू पहाटे उठून गेलास तो मजेसाठी. मासे धरणं, कोंबडी कापणं हे मी पोटाच्या खात्यात टाकतो. जीव घ्यायला आनंदाने जाणं कुठल्या खात्यात टाकू?"

मिनेसोटा गप्प झाला. मग सावकाश म्हणाला, "आनंद मारण्याचा नसतो हो. तिथे बसण्याचा असतो. उजाडताना रान कसं हळूहळू दिसायला लागतं... आणि मारल्यावर हात थरथरले माझे. खोटं नाही सांगत."

"मग नुसतं बसून ये की," मास्तर म्हणाले. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. मी मटण आवडीने खाणारा माणूस. सुरी दुसऱ्याच्या हातात असते, एवढाच माझा सोवळेपणा.

वकिलाला अशी शांतता सोसत नाही. "आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रश्नच मिटवला. डुकराने भात नासवलं तरी वनखात्याची परवानगी लागते. शिमग्यातली पारध आजोबांबरोबर गेली."

"गेली?" बाळ्या खोकला. सगळ्यांनी पुलाकडे पाहिलं.

"तिथे तर उलट आहे," मिनेसोटाला पुन्हा सूर सापडला. "1998 मध्ये लोकांनी मतदान करून शिकार आणि मासेमारीचा वारसा राज्यघटनेतच घातला. आणि पैसा बघ. बंदूक-काडतुसांवर 1937 पासून केंद्राचा खास कर आहे, रायफलीवर 11 टक्के. तो वन्यजीवांसाठीच राज्यांना वाटला जातो. 1950 पासून गळ-दोऱ्यांच्या सामानावरही तसाच. पण मारलेल्या रानटी हरणाचं मांस विकायचं नाही, काय वाट्टेल ते झालं तरी. कारण एकदा त्यांनी विकून पाहिलंय. बाजारासाठी मारून मारून पॅसेंजर कबूतर संपवलं. आभाळ झाकायचे म्हणे त्यांचे थवे. शेवटची मादी 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली."

"आमचे चित्ते बाजारात नव्हते गेले," मास्तर म्हणाले. "ते हौसेखातर गेले. राजेरजवाड्यांच्या."

याला वकिलाने टाळी दिली. वकील दोन्ही बाजूंना टाळी देतो, धंद्याची सवय.

आता नाना सरसावले. "ते राहू दे. तळ्यातला मासा कधी संपला का तुमच्या? एवढे नियम करून?"

"संपला होता, नाना. रेड लेक म्हणून प्रचंड तळं आहे, बरंचसं तिथल्या ओजिब्वे लोकांच्या मालकीचं, थोडं राज्याचं. 90 च्या दशकात वॉलआय इतका ओरपला की जाळ्यात काही येईना. मग दोघांनी बसून ठरवलं आणि 1999 मध्ये करार केला. वॉलआय धरणं पूर्ण बंद. पिल्लं सोडली. 2006 मध्ये पुन्हा उघडलं."

"सात वर्षं?" नाना कट्ट्यावरून उतरलेच. "मला दोन महिने निघत नाहीत. डिझेलवाल्याचे, बर्फवाल्याचे पैसे थकलेत. सात वर्षं होडी शाकारून बसलो तर पोरं काय खातील? तुझ्या त्या खोपट्यातल्या माणसाला मासा नाही मिळाला तर तो घरी जाऊन पिझ्झा खातो. त्याचा हंगाम आणि माझा हंगाम एक नव्हे."

मला वाटतं रात्रभरातलं सगळ्यात खरं बोलणं ते होतं. मिनेसोटानेही मान हलवली. त्या ओजिब्वेंचं पोटही मासेमारीवरच होतं आणि आधी जाळी त्यांनीच गुंडाळली, हे त्याने सांगितलं. पण हळू आवाजात.

"हे ओजिब्वे म्हणजे मूळचे तिथले?" बाळ्याने विचारलं.

"हो. आणि तुला गंमत सांगतो. ते वसंतात, अंडी घालायला मासा काठाला येतो तेव्हाच, रात्री दिवे घेऊन भाल्याने मारतात. पिढ्यान् पिढ्या. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या एका ठिकाणाला फ्रेंचांनी त्यावरून मशालींचं सरोवर असंच नाव दिलं, लॅक ड्यू फ्लॅम्बो. 80 च्या दशकात गोरे लोक धक्क्यावर जमून त्यांना शिव्या द्यायचे, दगड मारायचे. आमच्या मिल लॅक्स तळ्याचं भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. 1837 च्या तहात जमीन दिली तरी शिकारीचा, माशांचा हक्क राखला होता, तो अजून शाबूत आहे असा 1999 मध्ये निकाल लागला. पाच विरुद्ध चार."

बाळ्या उभाच राहिला. टॉर्च वर, कोयती वर. "म्हणजे मी ओजिब्वे! रात्र, बत्ती, हत्यार, चढणीचा मासा. आणि हा मला दंड लावत होता!"

एवढा हशा झाला की टपरीवाला बाहेर आला.

"पण त्यांचा प्रत्येक मासा मोजतात," मिनेसोटा हसू आवरत म्हणाला. "त्या रात्रीसाठी परवाना, किती मारायचे तो आकडा आधीच ठरलेला. होडी काठाला लागली की माणूस उभा असतो. एकूण एक मासा मोजून लिहून घेतो. तळ्यातून वर्षाला किती काढायचे ते जमात आणि राज्य वाटून घेतात. तू मोजलेस का?"

"पिशवी आहे ती. मोजायचे कशाला?"

"आणि तुझ्या वरच्या वाडीतल्यांनी किती मारले? पलीकडच्या पऱ्ह्यावर?"

"मला काय ठाऊक? मी पावसाला विचारून गेलो."

"आपण लहान होतो तेव्हा तू पिशवी नाही, बादली आणायचास," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा परत लावला होता.

बाळ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग चिडून म्हणाला, "तेव्हा पऱ्ह्यात प्लॅस्टिक नव्हतं. शेतात औषधं नव्हती. आणि बादली माझ्या एकट्याची नव्हती." हेही खोटं नव्हतं. यावर कोणीच काही बोललं नाही. पाऊस पुन्हा यायला लागला आणि सगळे टपरीच्या पत्र्याखाली सरकले.

निघताना बाळ्याने नेहमीसारखे वाटे घातले. मास्तर शनिवार म्हणून नको म्हणाले. मिनेसोटाला वाटलं होतं त्याला कोणी विचारणार नाही, पण बाळ्याने सगळ्यात मोठी शिंगटी त्याच्याच पिशवीत टाकली. त्याने घेतली. मुकाट्याने.

घरी येऊन मी मोरीत दिवा लावून माझा वाटा मोजला. सतरा होते. त्यांतले अकरा गाभोळीचे, पोटात अंडी असलेले. बायको मागून म्हणाली, "मोजताय काय? गाभोळी वेगळी काढा, तळते."