कुत्रो हाडलो मगे काठी कित्याक?

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या गावांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. पाठीवर हार्नेस (माणसाने धरायची मूठ असलेला पट्टा) चढवलेल्या लॅब्राडोरचा फोटो आणि खाली मजकूर: ‘अंध व्यक्तीला आता काठीची गरज नाही. दोन महिन्यांचं लॅब्राडोर पिल्लू घ्या, तीन महिन्यांत ट्रेनिंग पूर्ण. सिग्नल बघून रस्ता ओलांडून देतो. “बाजारात चल” म्हटलं की बाजारात नेतो. गावठी कुत्रा यात चालत नाही. कायद्याने याला कुठेही अडवता येत नाही.’ शेवटी अर्थातच पिल्लांसाठी फोन नंबर. पुढे ढकलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण तो वाचून घरच्या माणसाची पांढरी काठी माळ्यावर गेली तर नुकसान त्या माणसाचं होतं.

सिग्नलचं आधी उरकू. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यात तीन. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही आणि हे त्याला कुणी शिकवतही नाही. वाहनांचा आवाज ऐकून ‘आता निघायचं’ हे माणूस ठरवतो आणि हुकूम देतो. कुत्र्याचं काम त्यानंतरचं: हुकूम मिळूनही गाडी अंगावर येत असेल तर जागचं हलायचं नाही. आज्ञा पाळायला शिकवलेल्या जनावराला ती कधी मोडायची हे शिकवणं सगळ्यांत अवघड. आणि मुळात आपल्या गावांतून सिग्नल आहेत किती?

‘बाजारात चल’ ही खरी भानगड. वाट माणसाच्या डोक्यात असावी लागते. गिरणीची घरघर आली की उजवीकडे, मासळीचा वास आला की बाजार जवळ, देवळाची घंटा डावीकडून ऐकू आली की पाखाडी सुरू होणार, हा हिशेब त्याचा त्यानेच ठेवायचा. कुत्रा सांगितलेल्या दिशेला सरळ चालतो, अडथळा आला की वळसा घालतो आणि पुन्हा रेषेवर येतो. पायरी आली की थांबतो. माणूस पायाने चाचपतो, ‘पुढे’ म्हणतो, मगच दोघं उतरतात. चिऱ्याच्या पाखाडीवर, जिथे एक पायरी वीतभर तर दुसरी गुडघाभर, हे थांबणं सोन्याच्या मोलाचं आहे. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर कडेकडेने चालायचं आणि उभी रिक्षा ओलांडली की परत कडेला यायचं, हेही शिकवलं जातं.

काठीला जे जमत नाही ते कुत्र्याला जमतं, हे मान्यच करायला हवं. काठी कमरेखालचं सांगते. लोंबणारी झावळ, वाकलेली फणसाची फांदी, वादळानंतर खाली आलेली तार हे तिच्या आवाक्याबाहेर. शिकलेला कुत्रा स्वतःबरोबर माणसाच्या उंचीचाही अंदाज घेतो आणि बाजूला काढतो. पण उलटही आहे. कुत्रा माणसाच्या बाजूने, किंचित पुढे चालतो, म्हणजे दोघांपुरती रुंदी लागते. भाताच्या मेरेवर किंवा अरुंद साकवावर ती मिळत नाही. तिथे काठीच. कुत्रा आजारी पडला, त्या दिवशीही काठीच. म्हणून असे कुत्रे शिकवणाऱ्या जगभरातल्या शाळा साधारणपणे काठीने स्वतंत्र फिरता येणाऱ्यालाच कुत्रा देतात.

तीन महिने? या कामाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डनबर्गला शाळा निघाली, १९२९ मध्ये अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही शाळा सुरू झाली, १९३१ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसीला तिथल्या माणूस-कुत्र्याच्या पहिल्या चार जोड्या तयार झाल्या. इतक्या अनुभवानंतरही पिल्लू साधारण वर्ष-सव्वा वर्ष एखाद्या कुटुंबात वाढतं, गर्दी, फटाके, गुरं यांना सरावतं. मग काही महिने पक्कं शिक्षण, मग काही आठवडे माणूस आणि कुत्रा एकत्र. एवढं करून बरेच कुत्रे गळतातच. कुणी भित्रा निघतो, कुणी मांजर दिसलं की सुटतो. मेसेजच्या हिशेबाने पिल्लू पाच महिन्यांत ‘तयार’ होणार. त्या वयात त्याचे पक्के दातसुद्धा सगळे आलेले नसतात, आणि लॅब्राडोरला बरेचदा छळणारा खुब्याचा दोष आहे की नाही, हेही खात्रीने सांगता येत नाही.

‘गावठी चालत नाही’ हे अर्धंच खरं. अंध माणसाला वाट काढून देण्यासाठी ठरावीक उंची, शांत स्वभाव आणि आई-बापाची माहिती लागते, म्हणून लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांनाच जास्त पसंती. पण मदतनीस कुत्रा म्हणजे तेवढंच नव्हे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठीचे कुत्रे परदेशात कितीतरी वेळा निवाऱ्यातून उचललेले, जातकुळी नसलेले असतात. त्या कामाला चौकस कान आणि माणसाची ओढ लागते, आणि आपल्या खळ्यात लोळणाऱ्या गावठीकडे दोन्ही असतं.

हे ऐकण्याचं काम शिकवणं घरीही जमण्यासारखं आहे. एकच आवाज धरायचा, समजा कुकरची शिटी. मोबाइलवर रेकॉर्ड करून हळू वाजवायची. कान टवकारले की लगेच खाऊ. मग शिटी झाल्यावर माणसाला पंजा लावला तरच खाऊ. मग पंजा लावून आवाजाकडे घेऊन गेला तरच. एक आवाज पक्का झाल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. बेड्यातून (आवाराच्या दारातून) आलेली हाक, बाळाचं रडणं, दाराची कडी हे एकेक करून पुढे. घरात एकट्या राहणाऱ्या बहिऱ्या आजीला हा कुत्रा त्या फोटोतल्या लॅब्राडोरपेक्षा जास्त उपयोगी. व्हीलचेअरवरच्या माणसाला पडलेली किल्ली उचलून देणं, दाराला बांधलेली दोरी ओढणं हेही याच पद्धतीने जमतं.

कायद्याची ओळ बहुधा अमेरिकेतून उचललेली आहे. तिथल्या १९९० च्या कायद्याखाली दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि तो कुठलं काम शिकलाय? आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाजवी सोय द्यायला सांगतो आणि त्याच्या आधारे भांडता येतं, भांडावंही. पण ‘कुत्र्याला कुठेही प्रवेश’ असं वाक्य त्यात नाही. तेव्हा एसटीच्या कंडक्टरला मेसेज दाखवून काही होणार नाही.

मेसेजमध्ये नसलेल्या गोष्टी तर वेगळ्याच. दमट हवेत धापा टाकून अंग नीट थंड होत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये काम सकाळी लवकर. पावसात गोचीड. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती माणसाला तशी कुत्र्यालाही. त्याची लस मिळते, ती दरवर्षी टोचायची. रात्री बिबट्या वाडीत उतरतो, म्हणून घरात घ्यायचा. आणि सगळ्यांत मोठा अडथळा म्हणजे घरोघरचे मोकळे कुत्रे, जे परक्या कुत्र्याला वाडीतून सुखाने जाऊ देत नाहीत. अंगावर चार कुत्रे धावून आले की कितीही शिकलेला असला तरी त्याचं लक्ष उडतं, आणि हार्नेसच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो.

तरीही त्या नंबरवर फोन करायचाच असेल तर तीन गोष्टी विचारा. पिल्लाच्या आई-बापाच्या खुब्यांचा एक्स-रे आहे का? कुत्र्याबरोबर माणसाला कोण शिकवणार, आणि ते आमच्याच वाटेवर येऊन का? सहा महिन्यांनी काही बिघडलं तर कोण येणार? पिल्लाची किंमत त्यानंतर.