सोसायटीसाठी विश्वासार्ह गेट

घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत चेहरा ओळखणारं एआय गेट बसवताय? बसवा. वर "आंतरराष्ट्रीय नैतिक तत्त्वांनुसार" असा बोर्डही लावा, खर्च फक्त बोर्डाचा.

तत्त्वं तयारच आहेत. युरोपियन कमिशनने नेमलेल्या ५२ तज्ज्ञांनी एप्रिल २०१९ मध्ये विश्वासार्ह एआयकडून सात अपेक्षा लिहून ठेवल्या. युनेस्कोची शिफारस २०२१ ची, १९३ देशांनी मान्य केलेली. यातली गोड गोष्ट अशी की बंधनकारक काहीच नाही. गॅलरीत कपडे वाळत घालू नका, ही आपली नोटीस याहून कडक! त्या ५२ जणांतले जर्मन तत्त्वज्ञ थॉमस मेट्झिंगर नंतर जाहीरपणे कुरकुरले, की कधीच ओलांडायच्या नाहीत अशा 'लाल रेषा' मसुद्यातून पुसल्या गेल्या. असे मेंबर प्रत्येक कमिटीत असतात. शिवाय २०२० मध्ये तपासणीची यादीही आली. आपला पेपर आपणच तपासायचा, मग नापास कोण होतंय?

पहिली अपेक्षा मानवी देखरेखीची. सकाळी सात वाजता, धो धो पावसात, स्वयंपाकाच्या ताई स्क्रीनसमोर उभ्या राहतात. लाल दिवा. ताई ओढणी मागे सारतात, चेहरा पुसतात, कपाळावर चिकटलेले केस बाजूला करतात. पुन्हा लाल. तेवढ्यात फोन वाजतो, "ताई, कुठे आहात? मुलांची बस आली!" शेवटी वॉचमन शेजारचं छोटं फाटक उघडून म्हणतो, "जा ताई." झाली मानवी देखरेख. मिनिट्समध्ये तशीच लिहा.

भेदभाव टाळायला चेहऱ्याची नोंदणी सगळ्या कामवाल्यांना सक्तीची ठेवा. मेंबरांना ऐच्छिक, त्यांच्या गाडीला स्टिकर असतोच. पारदर्शकता म्हणजे लिफ्टजवळ इंग्रजीतली नोटीस.

उत्तरदायित्वाचं टेन्शन घेऊ नका. कॅमेरेवाला सॉफ्टवेअरवाल्याकडे बोट दाखवेल, सॉफ्टवेअरवाला तुमच्या वायफायकडे, आणि तुम्ही मागच्या कमिटीकडे. युरोपात आता कायदाच आहे, दंड थेट साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत. तो माजिवड्याच्या पुलाखालून इकडे यायला वेळ आहे.

एजीएममध्ये एखादे रिटायर्ड काका विचारतीलच, "आमच्या चेहऱ्यांचा डेटा कुठे राहतो?" प्रश्न उत्तम आहे म्हणा आणि अजेंड्यावर पार्किंगच्या नंतर घ्या.