पाऊण किलो पेट्रोल, सव्वादोन किलो वायू: हिशेब चुकलाय कुठं?

आमच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज आठवड्याभरात तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: एक लिटर पेट्रोल पाऊण किलोसुद्धा भरत नाही, मग ते जाळून सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो ही शुद्ध थाप आहे, द्रव्य अक्षय्यतेचा नियम शाळेत शिकलात ना? खाली आणखी तीन ‘पुरावे’. कोल्हापुरात शिकवण्या घेऊन पोट भरणाऱ्या माणसाला हे गप्प बसून वाचवत नाही.

“पाऊण किलोतून सव्वादोन किलो निघेलच कसं?”

नुसत्या पेट्रोलमधून नाहीच निघत. पंपावर पेट्रोलचे पैसे पडतात, हवेचे पडत नाहीत, म्हणून हवा हिशेबातून सुटली.

पेट्रोल हे बऱ्याच हायड्रोकार्बनचं मिश्रण. सोयीसाठी सगळं ऑक्टेन धरू. एका रेणूत 8 कार्बन, 18 हायड्रोजन, म्हणजे रेणुवस्तुमान 96 + 18 = 114. जळल्यावर त्या 8 कार्बनपासून कार्बन डायऑक्साइडचे 8 रेणू होतात. एकाचं वस्तुमान 12 + 32 = 44, आठांचं 352. आता साधं त्रैराशिक. 114 ग्रॅमला 352, तर लिटरभर पेट्रोलच्या 740 ग्रॅमला किती? 740 × 352 ÷ 114, म्हणजे सुमारे 2285 ग्रॅम.

नियम मोडला का, म्हणजे आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वजन जुळतं का, तेही बघू. 114 ग्रॅम ऑक्टेनला 400 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि 162 ग्रॅम पाणी तयार होतं. आत गेलं 114 + 400 = 514, बाहेर आलं 352 + 162 = 514. लिटरभर पेट्रोल जवळपास 2.6 किलो ऑक्सिजन ओढतं, आणि तो मिळवायला इंजिनाला 11 किलोंच्या आसपास हवा घ्यावी लागते. सकाळच्या गारठ्यात सायलेन्सरमधून थेंब गळताना दिसतात ना, ते हेच पाणी.

ज्या लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर हा नियम सांगतात, त्यानं कथील बंद भांड्यात तापवलं होतं. भांडं बंद होतं तोवर वजन बदललं नाही. उघडलं तेव्हा हवा आत शिरली आणि वजन वाढलं. मेसेजवाल्यानं भांडं उघडं ठेवून वजन केलंय. आपल्याकडं गुऱ्हाळावर याच्या उलट दिसतं. टनभर उसामागं गूळ निघतो शंभरेक किलो, पण रस चोरीला गेला असं कुणी म्हणत नाही. चिपाड बाजूला पडलेलं असतं आणि काहिलीवरची वाफ सगळ्यांना दिसते. (ती रासायनिक अभिक्रिया नव्हे, पण हिशेबाची शिस्त तीच.) इंजिनात शिरणारी हवा दिसत नाही, एवढाच फरक.

“समीकरणात 27 घालून 34 निघतात!”

ऑक्टेनचे 2 रेणू आणि ऑक्सिजनचे 25, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे 16 आणि पाण्याचे 18. ही रेणूंची संख्या आहे, वजन नव्हे. अणू मोजा: दोन्हीकडं कार्बन 16, हायड्रोजन 36, ऑक्सिजन 50.

“माझी गाडी पीयूसी पास आहे, मग दोन किलो कुठून?”

दुचाकीच्या पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे असतात. म्हणजे अर्धवट जळलेलं आणि न जळलेलं इंधन. हवा कमी पडली की हे वाढतं, आणि तेवढा कार्बन डायऑक्साइड कमी होतो. गाडी जितकी चांगली जळेल, तितका आपला 2285 चा आकडा खरा ठरेल.

“इथेनॉल उसाचं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतच नाही.”

हा मुद्दा आमच्या जिल्ह्याला जवळचा, म्हणून जास्त शेअर झाला असावा. इथेनॉलच्या रेणूत 2 कार्बन असतात. 46 ग्रॅम जळालं की 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. लिटरभर इथेनॉल भरतं 789 ग्रॅम, म्हणजे दीड किलो वायू. पेट्रोलपेक्षा कमी, पण शून्य नव्हे. शिवाय ऊर्जाही लिटरमागं पेट्रोलपेक्षा कमीच मिळते.

या मुद्द्यात खरं आहे ते वेगळंच, आणि तेच मेसेजवाल्यानं सांगितलं नाही. हा कार्बन उसानं वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. ग्लुकोजच्या रेणूत 6 कार्बन. आंबवताना त्यातले 2 डिस्टिलरीच्या टाकीतच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात: 180 ग्रॅम ग्लुकोजमागं 92 ग्रॅम इथेनॉल, 88 ग्रॅम वायू. उरलेले 4 तुमच्या गाडीच्या सायलेन्सरमधून निघतात. सहाच्या सहा हवेत परत. मात्र त्या शेताला घातलेला युरिया, पाण्याची मोटर आणि ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं डिझेल या समीकरणात कुठंच नाही. त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.