‘डिझेल काही वाचत नाही’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्याकडून घेतलेल्या नव्या डिझेल जनरेटरवर, तुमच्या लग्नाच्या लॉनवर ऐन रिसेप्शनमध्ये लाईट डिम झाले, पाहुण्यांसमोर तुमची पंचाईत झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण "इंजिनचा आवाज सारखा खालीवर होतो, डिझेल काही वाचत नाही, खराब मशीन गळ्यात मारली" असं लिहून एक स्टार दिलात, ते मात्र मनाला लागलं.

आवाज खालीवर होणं हेच तर या मशीनचं काम! तुमचा जुना जनरेटर दोन बल्ब लावा की अख्खा लॉन, १५०० आरपीएमवरच (मिनिटाला १५०० फेरे) पळायचा, कारण ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्या विजेची ठरलेली फ्रिक्वेन्सी, धरून ठेवायला त्याला दुसरा इलाज नव्हता. कमी लोडवर डिझेल नीट जळत नाही. सायलेन्सरमधून गळणारं काळं तेल तुम्हीच बोटाला लावून मला दाखवलं होतं. नव्या सेटमध्ये वीज आधी डीसी (एकाच दिशेनं वाहणारी) होते, मग इंजिनचा वेग काही असो, इन्व्हर्टर ती ५० हर्ट्झवर आणतो. म्हणून लोड उतरला की इंजिनही हळू होतं. व्हरायटी चौकात सिग्नलला उभं राहून कोणी ॲक्सिलरेटर पिळून ठेवतं का?

बचत होते ती दुपारी, सोलर पॅनल वीज देत असताना आणि जनरेटरवर लोड कमी असताना. रात्री आठला सोलर शून्य, वरून एसी, डीजे, डेकोरेशनवाल्याचे फोकस, सगळं एकदम. फुल लोडवर इंजिन फुलच पिणार, उलट इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज जातेच. हे कोटेशन देतानाच सांगितलं होतं.

राहिले लाईट. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की हळू चालणाऱ्या इंजिनला वेग घ्यायला जरा वेळ लागतो, तोवर लाईट डिम होतात. तेवढं सांभाळायला बॅटरी असते. आमच्या कोटेशनमध्ये ती होती. "बॅटरी काढा, रेट खाली आणा" हे कोण म्हणालं, भाऊ? त्या ओळीवर तुमच्याच पेनाची काट आहे, कागद दुकानात ठेवलाय, केव्हाही येऊन बघा.

मेकॅनिकनं फोन उचलला नाही, त्याकडे यापुढे लक्ष देऊ. लग्नसराईत माणसं कमी पडतात. बॅटरी आताही जोडता येईल, रेटचं बसून बोलू. हिंगणा, बुटीबोरीकडची गिऱ्हाइकं हेच रिव्ह्यू वाचून फोन करतात, म्हणून एवढं लिहावं लागलं. बाकी राहिलेल्या पेमेंटचा विषय मी इथे काढत नाही.