‘फिजिक्स सोडा, शिपवर पाठवा’: एका फॉरवर्डला उत्तर

दहावीचा निकाल लागला की गोव्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदाही फिरला. ‘सुजाण पालकांनो, मुलाला फिजिक्सच्या घाण्याला जुंपू नका’ अशी सुरुवात, आणि शेवटी अर्थातच ‘दहा पालकांना पाठवा’. मजकुरातलं म्हणणं असं: फिजिक्सचा रोजच्या जगण्यात उपयोग नाही; पूर्वजांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं; गोव्यात त्याला स्कोप नाही, त्यापेक्षा मुलाला शिपवर पाठवा; हे जन्मजात बुद्धिमंतांचं काम, मुलींना तर झेपतच नाही; शोध सगळे लागून संपले, उरलंसुरलं एआय करील; आणि मुलं रडतात, गुण घसरतात.

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत हा विषय शिकवला आहे, तेव्हा माझं मत कोणी एकतर्फी म्हणेल. म्हणू दे. मुद्दे तरी तपासून पाहू.

‘बाजारात भाजी घेताना न्यूटनचा नियम कोणी विचारत नाही.’

नाहीच विचारत. व्याकरणही विचारत नाही, म्हणून कोणी मुलाला व्याकरण शिकवू नका म्हणत नाही. पण त्या बाजारात आपण जातो स्कूटरवरून. ताशी ४०चा वेग ६० केला तर वेग दीडपट होतो, ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर मात्र सव्वादोनपट. कोरड्या रस्त्यावर ४०ला साधारण ९ मीटर लागतात, ६०ला २०. मिरगाच्या पहिल्या पावसात रस्ता ओला आणि तेलकट झाला की हेच २० मीटर पस्तिसाच्या घरात जातात, आणि यात आपल्या डोक्याने ब्रेक दाबायचं ठरवेपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. हे गणित अकरावीच्या पुस्तकात आहे. अठरा वर्षांच्या पोराच्या हाती गाडीची चावी देण्यापूर्वी ते त्याला कळलेलं असावं, असं मला तरी वाटतं.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. लाटांनी काठाकडे लोटलेलं पाणी परत समुद्रात जायला एखादी अरुंद वाट शोधतं आणि तिथून जोरात आत ओढतं. या ओढीच्या उलट, थेट काठाकडे पोहणारा माणूस दमतो आणि बुडतो. काठाला समांतर पोहणारा काही मीटरांत तिच्याबाहेर पडतो. जीवरक्षक हे कंठशोष करून सांगतात. ज्याला ते ‘का’ हे कळलंय त्याला घाबरलेल्या क्षणीही ते आठवण्याची शक्यता जास्त.

‘पूर्वजांचं फिजिक्सशिवाय अडलं नाही.’

हा मुद्दा गोव्यात बसून मांडणाऱ्याने एकदा खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, जाऊन मानस बघावी. बांधात बसवलेली लाकडी दारं. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, खारं पाणी शेतात शिरू देत नाहीत. ओहोटीला आतलं पाणी वर राहिलं की त्याच्याच दाबाने उघडतात. ना मोटर, ना वीज. ज्यांनी ही रचना केली त्यांनी सूत्र लिहिलं नसेल, पण पाण्याचा दाब कुठे आणि कधी उलटतो याचं निरीक्षण त्यांनी पक्कं केलं होतं. मात्र ‘पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं’ असा उलट्या टोकाचा फॉरवर्डही मला नको. समुद्राची पातळी चढत गेली तर ही दारं दिवसातून किती कमी वेळ उघडी राहतील, बांध किती उंच करावा लागेल, हे परंपरेतून सांगता येत नाही. ते मोजून, गणित मांडूनच काढावं लागतं.

‘गोव्यात स्कोप नाही. शिपवर पाठवा.’

इथे मला खरंच हसू आलं. मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर व्हायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स हवेत, तिन्ही मिळून किमान ६० टक्के. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने फिजिक्स सोडायला सांगून ज्या दाराकडे मुलांना पाठवलं, त्या दाराची किल्लीच काढून घेतली. क्रूझवर किचनमध्ये किंवा केबिनमध्ये काम करणाऱ्यांना ही अट नाही, हे खरं. पण फॉरवर्डमधला फोटो कॅप्टनच्या टोपीचा आहे.

आणि ही अट नुसती कागदी नाही. लोहखनिजाची भुकटी आपण मांडवी-जुवारीतून बार्जनी मुरगावला जाताना बघत मोठे झालो. तिचा ढीग वरून कोरडा दिसतो, पण कणांच्या मध्ये पाणी असतं. जहाज डुलतं, इंजिन थरथरतं, कण एकमेकांजवळ सरकतात, मधली जागा कमी होते आणि तिथल्या पाण्यावर दाब चढतो. एका क्षणी तो दाब इतका वाढतो की कण एकमेकांवर टेकलेले राहतच नाहीत आणि हजारो टनांचा घट्ट माल चिखलासारखा वाहू लागतो. जहाज एका बाजूला कललं की माल तिकडे वाहतो, आणि उलट कलताना पूर्ण परत येत नाही. पुढच्या लाटेला कल वाढतो. २००९ साली ‘एशियन फॉरेस्ट’ मंगळूरजवळ आणि ‘ब्लॅक रोज’ पारादीपजवळ बुडालं, दोन्हींत लोहखनिजाची भुकटीच होती. म्हणून आता माल चढवण्यापूर्वी त्यातला ओलावा प्रयोगशाळेत मोजून ठरलेल्या मर्यादेखाली आहे की नाही हे पाहावं लागतं. पावसाळ्यात उघड्यावर पडून राहिलेल्या मालाबाबत ‘चालतंय हो, भरा’ म्हणणाऱ्याला ‘नाही चालत’ असं ठणकावणारा अधिकारी जहाजावर हवा. तो ठणकावू शकतो ते त्याला हे कळलंय म्हणून.

समुद्र आणि फिजिक्सचं नातं इथे जुनं आहे. दों जुआंव द काश्त्रु हा पोर्तुगीज १५३८ साली लिस्बनहून गोव्याला निघाला तेव्हा गणितज्ञ पेद्रु नुनिश याने आखलेलं उपकरण त्याच्यासोबत होतं. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते हे तो वाटेत ठिकठिकाणी मोजत होता. एकदा आकडे जुळेनात, तेव्हा जहाजावरच्या लोखंडी तोफा सुईला खेचताहेत हे त्याने ओळखलं. पृथ्वीच्या चुंबकत्वावरचा गिल्बर्टचा सुप्रसिद्ध ग्रंथ यायला अजून बासष्ट वर्षं होती. पुढे हाच माणूस व्हाइसरॉय झाला आणि १५४८ साली गोव्यातच वारला. त्याच्या तलवारीचं कौतुक करायचं कारण नाही, पण त्याच्या वहीचं आहे.

आजचा स्कोप म्हणाल तर दोनापावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. हिवाळ्यात तर तो चक्क वाऱ्याच्या विरुद्ध जातो! याचं एक कारण दूर बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांत आहे. तिथे उठलेल्या प्रचंड लांबीच्या लाटा किनाऱ्याला धरून भारताला वळसा घालून इकडे येतात. हे कोडं उलगडण्यात याच संस्थेतल्या सतीश शेट्ये यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. त्यांना १९९२ सालचा भटनागर पुरस्कार मिळाला. वास्कोला सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली होती. आल्तिनोवरचं डॉप्लर रडार ढगातल्या थेंबांचा वेग ज्या तत्त्वाने मोजतं ते १८४२ सालचं. कर्करोगाच्या रुग्णाला रेडिएशनचा नेमका किती डोस द्यायचा याचा हिशेब डॉक्टर एकटे करत नाहीत. त्यासाठी मेडिकल फिजिसिस्ट लागतो, म्हणजे फिजिक्समध्ये एमएस्सी करून वर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा घेतलेला माणूस. पालकांच्या सभेत ‘नोकरी कुठे’ असं विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे पद ऐकलेलं असतं.

‘हे जन्मजात बुद्धिमंतांचं काम. आईनस्टाईनसुद्धा गणितात नापास झाला होता.’

ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिताना लेखकाला काहीच खटकलं नाही? शिवाय दुसरं खोटं आहे. १८९६ साली स्वित्झर्लंडमधल्या आराऊच्या शाळेतून आईनस्टाईन बाहेर पडला तेव्हा बीजगणित, भूमिती आणि भौतिकशास्त्र तिन्हींत त्याला सहापैकी सहा होते.

माणसं या विषयाकडे वळतात ती बहुधा बुद्धीच्या मोजमापाने नव्हे, एखादा प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणून. रामन अठराव्या वर्षी सरकारी अर्थखात्यात मोठ्या हुद्द्यावर लागले. दिवसभर कचेरी, आणि सकाळ-संध्याकाळ कोलकात्यातल्या एका संस्थेत प्रयोग. १९१७ साली त्यांनी कमी पगारावर प्राध्यापकी पत्करली. १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना भूमध्य समुद्राचा निळा रंग त्यांना अडवून बसला. आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून समुद्र निळा, असं रेलेसारखा दिग्गज सांगून गेला होता. रामन यांनी खिशातल्या निकोल प्रिझममधून पाण्याकडे पाहिलं, परावर्तित उजेड कापून टाकला, तरी निळेपणा उरलाच. त्या धाग्याचं टोक २८ फेब्रुवारी १९२८च्या ‘रामन परिणामा’च्या शोधापर्यंत आणि १९३०च्या नोबेलपर्यंत गेलं. (पाण्याच्या निळेपणात तांबडा प्रकाश शोषला जाण्याचाही मोठा हात आहे, शाळेत सांगतात तेवढी ती गोष्ट सरळ नाही.)

माशेलात जन्मलेले रघुनाथ माशेलकर गिरगावच्या शाळेत गरिबीत शिकले. भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला, तो प्रसंग ते आजवर कितीदा तरी सांगत आले आहेत. पुढे ते केमिकल इंजिनीअर झाले, भौतिकशास्त्रज्ञ नव्हे. तरी ठिणगी पडली ती फिजिक्सच्या तासाला.

असं भिंग आपल्या घराघरात आहे. चवथीला घुमट आरती चालू असताना वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघा. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याचं वाद्य; त्याच्या मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताची थाप चामड्यावर पडते आणि डावा तळवा लहान तोंड झाकत-उघडत असतो. झाकत आणलं की आवाज खाली उतरतो, उघडलं की वर चढतो. मडक्याच्या पोटातली हवा आणि तोंडाचा आकार यांवर घुमण्याचा सूर ठरतो, याचं गणित हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात मांडलं. तबल्याची गंमत वेगळी. नुसत्या ताणलेल्या चामड्याचे वरचे सूर मूळ सुराच्या पूर्ण पटीत नसतात; १.५९, २.१४ अशा आडमुठ्या पटींत येतात, म्हणून साध्या ढोलाला स्पष्ट सूर नसतो. मधोमध शाई भरली की त्याच पटी दोन, तीन अशा पूर्णांकांजवळ सरकतात आणि तबला सुरात बोलतो. १९२० साली यावरही रामन यांनीच ‘नेचर’मध्ये लिहिलं. ज्या गावात तबलावादक लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकरांच्या आठवणी अजून निघतात, तिथल्या पोराला तरंग आणि अनुनाद शिकवायला स्प्रिंगचं चित्र कशाला लागतं, हे मला कधी कळलं नाही.

‘मुलींना झेपत नाही.’

ॲना मणी यांनी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम केलं. प्रबंध तयार होता, पण एमएस्सी नाही या कारणाने विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही. १९४८ साली त्या हवामान खात्यात आल्या आणि वारा, पाऊस, ऊन मोजणारी उपकरणं देशातच बनवण्याचं काम त्यांनी उभं केलं. झेपण्याचा प्रश्न मुलींकडे नव्हता.

‘शोध संपले, उरलेलं एआय करील.’

भौतिकशास्त्राची मूलतत्त्वं बहुतेक पक्की झाली आहेत, असं भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसन १८९४ साली म्हणाला होता. पुढच्याच वर्षी क्ष-किरण सापडले, १८९६ला किरणोत्सार, १८९७ला इलेक्ट्रॉन. आजच्या हिशेबाने विश्वातलं जवळपास ९५ टक्के द्रव्य आणि ऊर्जा कशाची बनली आहे हे कोणालाच ठाऊक नाही. एआयचं म्हणाल तर २०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल हॉपफिल्ड आणि हिंटन यांना मिळालं ते कृत्रिम न्यूरल नेटवर्कच्या पायाभूत कामासाठी. हॉपफिल्डने आपलं नेटवर्क चुंबकीय पदार्थातल्या अणूंच्या वागणुकीवरून बेतलं, आणि हिंटनचं यंत्र तर भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनच्याच नावाने ओळखलं जातं.

‘मुलं रडतात, गुण घसरतात.’

हा एकच मुद्दा मी खोडणार नाही. रडतात. ज्या मुलाला या विषयाची खरंच आवड नाही त्याने कॉमर्सला जावं, आर्ट्सला जावं, त्यात काही कमीपणा नाही. पण बरीच मुलं रडतात ती फिजिक्समुळे नाही. साध्या लंबकाच्या प्रयोगात g चं, म्हणजे गुरुत्व त्वरणाचं, उत्तर ९.८ यायला हवं हे त्यांना आधीच माहीत असतं, म्हणून ती मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग जुळवून लिहितात, आणि आम्ही शिक्षक सगळं जाणून सही करतो. ९.६ आलं तर ९.६ लिहायला हवं, आणि उरलेले ०.२ कुठे गेले ते शोधायला आणखी एक तास मिळायला हवा. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती का? झोका फार मोठा दिला होता का? मी शिकवत होतो तेव्हा वेळापत्रकात तो तास नव्हता. आताही नसतो, असं तिथे शिकवणारे सांगतात.