पिस्तूल कॅमेऱ्यामागे नव्हतंच

‘वर्नर हर्झोगने क्लाउस किन्स्कीवर पिस्तूल रोखून अभिनय करून घेतला, ३२० टनांचं जहाज निव्वळ माणसांच्या बळावर डोंगरापार नेलं, म्हणूनच त्याचं काम शंभर टक्के खरं. ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’ बघा, कळेल.’ जर्मन दिग्दर्शक हर्झोग आणि त्याचा नट किन्स्की यांच्याबद्दलची ही पोस्ट पुन्हा फिरतेय. माहितीपट बघाच, पोस्ट लिहिणाऱ्यानेही बघावा.

पिस्तुलाचा किस्सा त्यात नाहीच. लेस ब्लँकचा हा माहितीपट हर्झोगच्या १९८२ च्या ‘फिट्झकाराल्डो’ या सिनेमाच्या चित्रीकरणावर आहे. किस्सा मात्र याच दोघांच्या ‘अगिरे’ या सिनेमाच्या वेळचा, दहा वर्षं आधीचा. किन्स्की शूटिंग अर्धवट टाकून निघाला, तेव्हा ‘गेलास तर तुला गोळ्या घालीन, मग स्वतःला’ अशी धमकी दिल्याचं हर्झोग स्वतःच सांगतो. पण त्या क्षणी हातात शस्त्र नव्हतं, हेही तोच सांगतो. धमकी काही कमी भयंकर नाही म्हणा. पण बंदुकीच्या धाकावर कुणी पाच-पाच सिनेमे करत नाही. या दोघांनी १९८७ पर्यंत तेवढे केले.

जहाजाचं म्हणाल तर ते ‘फिट्झकाराल्डो’साठी खरोखरच डोंगरावर चढवलं. मिनिएचर, म्हणजे जहाजाची छोटी प्रतिकृती, वापरायला हर्झोगने ठाम नकार दिला होता. ज्या रबरसम्राटावरून ही कथा सुचली, त्याने खूप लहान बोट सुटी करून तुकड्या-तुकड्यांनी नेली होती. अख्खं जहाज ओढायची कल्पना हर्झोगची. पण ‘निव्वळ माणसांच्या बळावर’? ब्लँकच्या कॅमेऱ्यात लाल चिखलात उतार कापणारा बुलडोझर धडधडीत दिसतो, कप्प्या आणि पोलादी दोर दिसतात. मूळ सिनेमात बुलडोझर फ्रेमबाहेर आहे. म्हणजे पोस्टवाल्याने माहितीपट सोडून सिनेमावरच विश्वास ठेवला! शिवाय पेरूच्या जंगलातल्या आग्वारुना आदिवासींच्या विरोधामुळे पहिला तळ सोडावा लागला, हा माहितीपटातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग पोस्टमधून साफ गायब.

राहिलं ‘शंभर टक्के खरं’. हा दावा हर्झोगलाच मान्य होणार नाही. नुसत्या तथ्यांना तो हिशेबनिसांचं सत्य म्हणतो. ‘लिटल डिटर नीड्स टू फ्लाय’ या त्याच्या माहितीपटात युद्धकैदेतून सुटलेला डिटर डेंग्लर घराचं दार पुन्हा पुन्हा उघडून बघतो. ती सवय हर्झोगने रचलेली. मोकळेपणाची ओढ मात्र डिटरची. आणि त्याच्याच ‘लेसन्स ऑफ डार्कनेस’ या सिनेमाच्या सुरुवातीला फ्रेंच तत्त्वज्ञ पास्कलच्या नावाने झळकणारं भारदस्त वाक्य पास्कलचं नाहीच, ते हर्झोगने स्वतः लिहिलंय.