कोलोन एका दिवसात स्वतंत्र झालं नाही

जर्मनीतल्या कोलोन शहराबद्दल एक मेसेज सध्या जाम फिरतोय. थोडक्यात असा, की ५ जून १२८८ ला कोलोनची सामान्य जनता जुलमी आर्चबिशपविरुद्ध (म्हणजे तिथला बडा धर्मगुरू, जो शहराचा मालकही होता) उठली, वोरिंगनच्या मैदानात एका दिवसात त्याला लोळवलं, चर्चची सत्ता उलथवली आणि त्या दिवसापासून शहर पूर्ण स्वतंत्र होऊन तिथं लोकांचं राज्य आलं. जोडीला पुरावा म्हणून आर्चबिशपच्या माणसांनी महापौराला सिंहापुढे ढकललं ती गोष्ट. आता तारीख बरोबर आहे, लढाई खरी आहे, आर्चबिशप हरला हेही खरं. बाकी जवळपास सगळं चुकलंय, आणि ज्या लोकांनी या झगड्याची सगळ्यात मोठी किंमत मोजली तेच त्यातून गायब झालेत, म्हणून एवढं लिहितोय.

आधी ते "एका दिवसात". हा झगडा १२८८ च्या दोनशे वर्षं आधीपासून चालू होता. १०७४ च्या ईस्टरला म्युन्स्टरचा बिशप पाहुणा आला होता, त्याला परत पाठवायला आर्चबिशप आन्नोच्या नोकरांनी बंदरावरचं एका व्यापाऱ्याचं मालानं भरलेलं जहाज सरळ ताब्यात घेतलं आणि माल बाहेर काढायला सांगितला. व्यापाऱ्याचा मुलगा आडवा आला, त्याच्या बाजूनं लोक जमले आणि बघता बघता अख्खं शहर पेटलं. आन्नो रात्री शहराच्या भिंतीतल्या एका भोकातून पळाला. पण काही दिवसांत तो सैन्य घेऊन परत आला, बंडाच्या म्होरक्यांचे डोळे काढले, बाकीच्यांना फटके मारले, आणि त्या काळचा इतिहासकार सांगतो की ६०० श्रीमंत व्यापारी शहर सोडून पळाले. म्हणजे पहिला उठाव पार चिरडला गेला होता.

मग पुढच्या पिढ्यांनी वेगळा रस्ता धरला, तो म्हणजे पैसा आणि करार. ११८० च्या सुमाराला शहरानं आर्चबिशपला न विचारता नवी भिंत आणि खंदक बांधायला घेतलं, प्रकरण सम्राट फ्रेडरिक बार्बारोसापर्यंत गेलं, आणि तोडगा काय निघाला तर शहरानं आर्चबिशपला २००० मार्क भरायचे आणि भिंत ठेवायची. मला विचाराल तर वोरिंगनइतकाच महत्त्वाचा क्षण हाच आहे, कारण ज्याच्या हातात भिंत आणि वेशी त्याच्या हातात शहर.

सिंहाची गोष्ट एका वाक्यात संपते. महापौर ग्रीननं हाताला झगा गुंडाळून सिंहाला मारलं ही दंतकथा आहे, कोलोनच्या नगरभवनावर तिचं शिल्प कोरलंय हे खरं, पण शिल्प आहे म्हणून घटना घडली असं होत नाही.

आता "जनता विरुद्ध आर्चबिशप". हा मुद्दा सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. शहरातली सत्ता थोड्या श्रीमंत घराण्यांच्या हातात होती, ओव्हरश्टोल्त्स हे त्यातलं नावाजलेलं, आणि कारागीर त्यांच्यावर वैतागलेले होते. आर्चबिशप कोनराडनं हे बरोबर हेरलं. १२५९ मध्ये त्यानं या घराण्यांच्या लोकांना न्यायासनांवरून काढून तिथं कारागिरांना बसवलं. म्हणजे तेव्हा सामान्य माणूस आर्चबिशपच्याच बाजूला उभा होता! त्याच वर्षी याच कोनराडनं शहराला असा हक्क दिला की ऱ्हाईन नदीवरून जाणाऱ्या व्यापाऱ्यानं कोलोनला माल उतरवायचा आणि तीन दिवस तिथल्या लोकांना विकायला ठेवायचा. कोलोन गब्बर झालं त्यात या हक्काचा मोठा वाटा आहे आणि तो लढून मिळालेला नाही. पुढं घराणी परत आली, मग ती आपापसातच भांडली, आणि १२६८ मध्ये हरलेल्या गटाचे लोक आर्चबिशपच्या बाजूच्या सरदारांना घेऊन रात्री उल्रे वेशीजवळ भिंतीखालून भुयार काढून शहरात घुसले. ती लढाई शहरानं जिंकली पण माथियास ओव्हरश्टोल्त्स त्यात गेला. दोन्हीकडं कोलोनचेच लोक होते हे विसरू नका.

वोरिंगनची लढाई मुळात कोलोनसाठी झालीच नव्हती. लिम्बुर्ग नावाच्या जवळच्या संस्थानाची गादी वारसाशिवाय रिकामी पडली होती, तिच्यावर ब्राबांट या दुसऱ्या संस्थानाचा ड्यूक यान (पहिला) हक्क सांगत होता, आणि आर्चबिशप सिगफ्रिड फोन वेस्टरबुर्गला तो इतक्या जवळ नको होता. कोलोनच्या लोकांनी यानशी हातमिळवणी केली कारण त्यांना आर्चबिशपचा काटा काढायचा होता. रणात शहराची फौज होती, पण ब्राबांटचे घोडेस्वार आणि बेर्ग या शेजारच्या संस्थानाच्या काउंटचे गदा घेतलेले शेतकरीही होते. सिगफ्रिड पकडला गेला तो बेर्गच्या काउंट आडोल्फच्या किल्ल्यात वर्षभर कैदेत राहिला, आणि आडोल्फनं त्याच उन्हाळ्यात ड्युसेलडॉर्फला शहराचा दर्जा देऊन टाकला. या विजयाचे वाटेकरी बरेच होते.

चर्चची सत्ता उलथवली म्हणणं तर अजिबात पटत नाही. लोक आर्चबिशपशी लढले ते तो शहराचा मालक म्हणून, धर्मगुरू म्हणून नाही. कॅथेड्रलचं काम १२४८ ला सुरू झालं होतं ते लढाईनंतरही चालूच राहिलं, १३२२ ला त्याच्या गाभाऱ्याचं अभिषेक झालं, आणि शहराच्या चिन्हावरचे तीन मुकुट बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन पवित्र राजांचे आहेत, ज्यांचे अवशेष त्याच कॅथेड्रलमध्ये ठेवलेत.

पूर्ण स्वातंत्र्याचं म्हणाल तर आर्चबिशपचा मुक्काम बाहेर गेला, बॉन आणि ब्र्युल इथं, पण देहदंड देणारं वरचं न्यायालय त्याच्याच नावानं चालत राहिलं. कागदावर कोलोन साम्राज्याचं मुक्त शहर झालं ते १४७५ ला, तेही बर्गंडीच्या ड्यूकनं नॉयस शहराला वेढा घातला तेव्हा कोलोननं नॉयसला मदत केली म्हणून सम्राट फ्रेडरिक तिसऱ्यानं दिलेलं बक्षीस. लढाईपासून १८७ वर्षं.

आणि लोकांचं राज्य? १२८८ नंतर तीच घराणी राज्य करत राहिली. १३७० मध्ये विणकरांनी सत्ता हातात घेतली, पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये घराण्यांनी त्यांना रस्त्यात कापून काढलं. १३९६ ला घराण्यांची सद्दी संपून व्यापारी आणि कारागिरांच्या २२ संघांनी मिळून शहराच्या कारभाराचा नवा करार लिहिला, तो खरंच मोठा बदल होता, पण त्यातही संघांवर श्रीमंत व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला. सूत आणि रेशीम कामाच्या बायकांचे स्वतःचे संघ कोलोनमध्ये होते, युरोपात ही गोष्ट दुर्मिळ, तरी नगरसभेत बाईला जागा नव्हती.

ज्यूंचं काय झालं ते तर मेसेजमध्ये कुठंच नाही. आर्चबिशप एंगेलबर्टनं १२६६ मध्ये ज्यूंना दिलेले हक्क दगडावर कोरून घेतले होते, तो दगड आजही कॅथेड्रलमध्ये आहे. १३४९ मध्ये ज्यू वस्तीवर हल्ला होऊन माणसं मारली गेली. आणि १४२४ मध्ये, शहराचा कारभार नगरसभेच्याच हातात असताना, त्या सभेनं ज्यूंना शहरातून कायमचं हाकललं. त्यांना पुन्हा तिथं राहता आलं ते फ्रेंच सत्ता आल्यावर, १७९८ मध्ये.